छत्तिसातले तीन

मनकाटा तपासायला सरकारी माणूस येतोय, हे हेमांगीला नसीमआपाकडून कळलं. नसीमआपाला ते कुठून कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. खालच्या मजल्यावर तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि सांगलीतल्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांची मापं तिच्या वहीत होती.

"जतहून नवा निरीक्षक आलाय म्हणे," आपा जिन्यातूनच ओरडली. "दिग्विजय शेटे. नाव ऐकून मला पैलवानच वाटला होता. पण अगदी बारीक आहे गं. आणि कडक इतका, की सख्ख्या चुलत्याचा डाळिंबं तोलायचा काटा जप्त केलाय त्यानं. चाळीस ग्रॅमच्या फरकासाठी!"

"मग चुलता?"

"चुलता बोलत नाही. काटा मात्र परत मिळाल्यापासून बरोबर दाखवतो."

हेमांगीनं पोह्यांखालचा गॅस बारीक केला. खरं तर बंदच करायला हवा होता. चाळीस ग्रॅमसाठी चुलत्याला न सोडणारा माणूस तिला कशाला सोडेल? तिच्या काट्यात तर अकरा वर्षांची खोट होती, आणि ती यंत्रानं केलेली नव्हती.

मनकाटा ही काही जादू नव्हे. कपाळाला एक मऊ पट्टी बांधायची. त्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीच्या आत दोन-अडीच सेंटिमीटर उतरतो. मेंदूचा जो कोपरा कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि ताजं रक्त तो प्रकाश वेगळ्या रीतीनं शोषतं. पट्टीलाच लावलेल्या बारीक चकत्या मेंदूतले विजेचे तरंग टिपतात. तरंगांवरून कळतं कधी, रक्तावरून कळतं कुठं. ही दोन्ही गणितं एकत्र मांडणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. प्रश्न कानावर पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मन एक उसळी घेतं. शब्द त्यानंतर येतात, आणि शब्दांचा हात धरून लोक काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, हे सगळं येतं. मनकाटा शब्दांसाठी थांबत नाही. पहिली उसळी पकडतो, मग नावं, चित्रं, आवाज आणि चौसष्ट कुप्यांतले वास झरझर पुढं करत त्या उसळीशी कशाचं जुळतं ते पाहतो. तीन-चार मिनिटांत माणसाचं खरं उत्तर कागदावर.

एवढं अचूक यंत्र हाती आल्यावर आपल्या लोकांनी त्याचं काय केलं असेल? लग्नं जुळवली. जन्मपत्रिकेत छत्तीस गुण, म्हणून मनपत्रिकेत छत्तीस प्रश्न. हा आकडा कुणी ठरवला नाही, तो आपोआपच ठरला. दूध आवडतं का चहा, राग गिळता का ओकता, आईचं ऐकता का ऐकल्यासारखं करता. सन २०४३ उजाडेपर्यंत एकेका तालुक्याला दोन-दोन केंद्रं झाली होती, आणि वजनमापांच्या जोडीला मनमापनाचा वेगळा सरकारी विभागही आला होता.

हेमांगी तांबवेकर बारावीच्या पुढं शिकलेली नव्हती. नवरा गेला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर वर्षभरात तिनं मनकाट्याची चारशे पानी पुस्तिका शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचली, परीक्षा दिली आणि विश्रामबागेत हे केंद्र काढलं. पहिल्याच महिन्यात तासगावची एक शिक्षिका आणि पलूसचा एक पशुवैद्य, असं स्थळ आलं. छत्तिसांपैकी एकतीस जुळले. हेमांगी हरखली. दोघांना आतल्या खोलीत बसवून पोहे दिले आणि दार लोटून घेतलं.

वीस मिनिटांनी तिनं फटीतून पाहिलं. दोघंही पंख्याकडं बघत होते. विचारायचं काय? सगळं कागदावर आलेलं. मुलीच्या आवडत्या पुस्तकापासून मुलाच्या देवापर्यंत. पोह्यांवरचं खोबरं वाळून गेलं. शेवटी मुलगा म्हणाला, "पंखा चांगला आहे." मुलगी म्हणाली, "हो." आणि दोघं आपापल्या घरी गेले ते गेलेच.

त्या दिवशी हेमांगीला आपल्या बघण्याच्या कार्यक्रमातला तो जगातला सर्वांत बावळट प्रश्न आठवला, 'छंद काय तुमचे?' त्या प्रश्नाच्या आडोशानं तिनं होणाऱ्या नवऱ्याची बोटं पाहिली होती, कान पाहिले होते, तिचं उत्तर ऐकताना तो हसू कसं दाबतोय ते पाहिलं होतं. उत्तर काय दिलं होतं ते तिला आता आठवतही नव्हतं.

पुढच्या मनपत्रिकेपासून तिनं तीन जागा कोऱ्या ठेवायला सुरुवात केली. आवडतं पुस्तक, आवडता सुगंध, श्रद्धा. प्रत्येकीसमोर एकच ओळ: 'यंत्रास उत्तर मिळाले नाही.' यंत्राला ते प्रत्येक वेळी मिळालेलं असे. ते ती कपाटात, सीलबंद पाकिटात ठेवून देई.

नेमके हेच तीन का? या तिन्हींबाबत माणूस खोटं बोलला तरी त्या खोट्यातनं तो दिसतो, एवढंच ती स्वतःला सांगत आली होती. गेल्या अकरा वर्षांत तिच्या केंद्रात अकराशे बारा लग्नं जमली होती आणि त्यांतली मोडलेली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती.

*

दिग्विजय शेटे खरंच बारीक होता. अठ्ठावन्नच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, हातात जुन्या पद्धतीची चामडी पेटी. दारात थांबून त्यानं नाक वर केलं.

"गावाला हळदीचा वास येतो."

"येतो?" हेमांगी म्हणाली. "आम्हाला नाही येत. सौद्यांचे दिवस आहेत ना, सगळीकडं तोच. नाक त्याची दखल घेणं सोडून देतं."

"मला यायला लागून आठ दिवस झाले. म्हणजे लवकरच यायचा बंद होईल." त्याला याचं खरंच वाईट वाटत असावं. "बरं मॅडम, तक्रार अशी आहे. तक्रार म्हणजे, शंका. राज्यातल्या सगळ्या काट्यांमध्ये तुमच्या एकट्याच काट्याला तेच तीन प्रश्न जमत नाहीत. अकरा वर्षं. आणि राज्यात सगळ्यांत टिकाऊ लग्नं पण तुमचीच. मुंबईच्या ऑफिसला वाटतं, यंत्रात काहीतरी बिघाड आहे. मला बिघाड शोधायला पाठवलंय."

"सापडला तर?"

"यंत्र भंगारात. आणि यंत्र बरोबर निघालं," तो पेटी उघडत सहजपणे म्हणाला, "तर बिघाड माणसात. मग परवाना जातो."

त्यानं आधी रिकामी पट्टी टेबलावर मांडली. पडद्यावरची रेघ हलत हलत शून्यावर येऊन थांबली, आणि हेमांगीनं पाहिलं, निरीक्षकानं कुणाला दिसू नये असा, छातीपाशी चटकन नमस्कार केला.

"हे काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सवय आहे. काही नाही. नियमाप्रमाणं चालकालाच बसवावं लागतं. बसा."

आणि हेमांगी स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या पट्टीखाली बसली. चार हजार कपाळांना तिनं ती बांधली होती, पण स्वतःच्या कपाळाला कधी लावली नव्हती.

"पाया धरायला पाढा म्हणा," तो म्हणाला. पाढा म्हणताना मनाला ना आवड असते ना नावड, म्हणून सुरुवातीला तोच म्हणायला लावतात. "तेराचा."

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस," ती निघाली, आणि तेरा आठे चौऱ्याण्णववर जाऊन आपटली.

"एकशे चार."

"माहीत आहे मला!"

"रेघ सांगतेय माहीत आहे. घाबरलाय तेवढंच. तेराचा पाढा वाकडाच आहे, मीही अडखळतो." आणि तो पहिल्यांदा हसला. हसताना त्याचा एक पुढचा दात किंचित दुसऱ्यावर चढलेला दिसला. हेमांगीला उगीचच वाटलं, हे यंत्राला कळलं की काय.

तेहेतीस प्रश्न झाले. तिची उत्तरं पडद्यावर उमटत होती आणि तो खालमानेनं ताडून पाहत होता. मग चौतिसावा प्रश्न आला. तेव्हा त्यानं एक अजब गोष्ट केली. पेटीतली नोंदवही काढली आणि ती उघडून पडद्याच्या खालच्या भागावर उभी धरली. उत्तराची ओळ झाकली गेली. उरला फक्त कडेचा छोटा दिवा, उत्तर मिळालं की हिरवा होणारा.

"आवडतं पुस्तक?" यंत्रानं विचारलं.

हिरवा.

"आवडता सुगंध?" कुप्या सुळसुळल्या. हिरवा.

"श्रद्धा?" थोडा वेळ लागला. पण हिरवा.

खाली नसीमआपाचं मशीन खडखडत होतं, ते नेमकं त्याच वेळी थांबलं.

"यंत्र चोख आहे," शेटे म्हणाला. "तिन्ही उत्तरं मिळाली. मी वाचली नाहीत. माझं काम दिव्यापुरतं होतं." त्यानं पडद्याकडं पाठ करून छापलेली चिठ्ठी दुमडली, पाकिटात घातली, आणि चिमटभर लाख वितळवून त्यावर मोहोर उठवली. हे खातं अजूनही लाख वापरत होतं. खोलीभर तो जळका, गोडसर, उबदार वास पसरला. "आता तुम्ही सांगा."

हेमांगीनं पट्टी काढली. केस विस्कटले होते. खोटं बोलायची तयारी तिनं आठ दिवस केली होती. दमट हवा, जुनी चकती, व्होल्टेज. पण ज्यानं आत्ता वही आड धरली त्याच्यासमोर ती सगळी तयारी तिला फारच स्वस्त वाटली.

"मीच झाकते," ती म्हणाली. आणि पंख्याकडं बघणाऱ्या त्या दोघांपासून सगळं सांगितलं. उठून कपाट उघडलं. तारखेवार लावलेली पाकिटं, एकही न फोडलेलं.

त्यानं पहिल्या पाकिटावरची तारीख वाचली, मग शेवटच्या.

"म्हणजे लोकांना काहीतरी विचारायला उरावं, म्हणून."

"हो."

"चांगलं आहे," तो हळूच म्हणाला. मग तितक्याच हळू, "पण मॅडम, झाकू का, हे तुम्ही त्यांना विचारलंत?"

हेमांगीनं कपाटाचं दार लोटलं. अकरा वर्षं लोकांनी एकमेकांना विचारावं म्हणून ती झटली होती. आणि हे एवढंसं विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलं. लिहा."

त्यानं लिहिलं. सगळं, जसं होतं तसं. चाळीस ग्रॅमसुद्धा सोडले नाहीत. जाताना दारात घुटमळला.

"अहवालात मी शेवटी एक सूचना केली आहे. परवाना काढून घेण्याआधी त्या अकराशे बारा जोडप्यांना कळवावं: तुमची तीन उत्तरं आमच्याकडं आहेत, हवी असतील तर महिन्याभरात मागवा. हक्क त्यांचा आहे. किती जण चिडतात त्यावरून ठरू द्या."

"आणि सगळेच चिडले तर?"

"तर मी पुन्हा येईन. काटा न्यायला." तो थांबला. "यावं लागू नये, असं वाटतं. म्हणजे, त्या कामासाठी."

*

तो महिना हेमांगीनं कसा काढला, ते नसीमआपालाच विचारावं. तिचे सहा ब्लाउज विनाकारण शिवून झाले, कारण हेमांगी दर दोन दिवसांनी खाली येऊन बसायची आणि बसल्या बसल्या काहीतरी माप द्यायची.

"परवान्याची काळजी आहे का काटेवाल्याची?" आपानं सुया तोंडात धरून विचारलं.

"आपा, माझं केंद्र बंद पडायला आलंय!"

"ते मी विचारलं नाही. पट्टी बांधू का कपाळाला?"

पहिल्या आठवड्यात एकच उत्तर आलं, कवठेमहांकाळहून. हेमांगीनं ते उघडताना डोळे मिटून घेतले आणि मग एकच उघडला. 'पाकीट नको. आठ वर्षांत ह्यांना माझा आवडता वास ओळखता आलेला नाही. यंत्रानं सांगून टाकलं तर आमच्या भांडणाला विषय काय राहणार?'

दुसरं मिरजेतून. 'आम्ही एकमेकांना तीनदा विचारलं. लग्नाआधी, मुलगी झाल्यावर, आणि परवा तुमचा निरोप आल्यावर. तिन्ही वेळा उत्तरं वेगळी आली. तुमच्याकडचं कितवं आहे?'

हे पत्र हेमांगीनं दोनदा वाचलं. मग तिनं पुस्तिका काढली आणि परिशिष्टातलं एक बारीक अक्षरातलं पान शोधलं. चौथ्या वाचनात ते तिला पहिल्यांदा दिसलं. मनकाटा दाखवतो ती त्या मिनिटाची उसळी. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या रोजच्या जगण्यानं बदलत राहतात, कुणाशी बोलल्यानं, काही नवं हुंगल्यानं, कुणी आवडल्यानं. मापन सहा महिन्यांहून जुने असल्यास ग्राह्य धरू नये. कपाटातली पाकिटं म्हणजे शिळे पोहे होते.

काही जण चिडलेही. जयसिंगपूरच्या एकानं चार पानं रागाची लिहिली, आणि पाचव्या पानावर बायकोनं लिहिलं होतं, 'ह्यांचं मनावर घेऊ नका, ह्यांना लिहायला आवडतं हेही मला विचारूनच कळलं.' हेमांगीनं मात्र ते मनावर घेतलं. चारही पानांना तिनं सविस्तर उत्तर पाठवलं, आणि पहिल्याच ओळीत माफी मागितली.

महिनाअखेर हिशेब लागला. अकराशे बारा जोडप्यांपैकी सतरांनी पाकिटं मागवली. त्यातल्या नऊ जोडप्यांनी तर आपसात पैज लावली होती.

*

दुसऱ्या शनिवारी, कचेरीला सुट्टी असताना, जिन्यावर पावलं वाजली. हेमांगीनं पाहिलं तर शेटे. चामडी पेटी नव्हती, हातात डाळिंबांची पिशवी होती.

"काटा न्यायला आलात?" तिचा आवाज नको तितका बारीक निघाला.

"सुट्टी आहे आज." त्यानं खिशातून पत्र काढलं. "परवाना राहिला. लेखी ताकीद आहे, ती मात्र फ्रेम करून लावावी लागेल, असा नियम आहे. आणि मनपत्रिकेच्या फॉर्मवर आता एक नवी चौकट येणार. 'पुढील तीन प्रश्न आम्ही स्वतः विचारू.' ज्याला हवं त्यानं खूण करायची. सगळ्या केंद्रांना लागू."

हेमांगीनं ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कठड्यावरून खाली डोकं काढून ओरडली, "आपा! राहिला!"

"कोण राहिला?" खालून आवाज आला. "वर बसलाय तो?"

शेटे डाळिंबाच्या पिशवीची गाठ सोडण्यात फारच गुंतला. "ही चुलत्यानं दिलीत," तो पिशवीलाच म्हणाला. "बोलायला लागलाय. म्हणाला, काटा बरोबर असल्यावर व्यापारी घासाघीस कमी करतो."

तिनं पोहे टाकले. तो आतल्या खोलीत बसला, तासगावची शिक्षिका जिथं बसली होती तिथंच. ती समोर बसली. वर पंखा फिरत होता. दोघांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं.

"ते पाकीट आहे अजून," ती म्हणाली. "माझं. लाखेचं. फोडलं नाही मी."

"मग मी विचारू? नियमात आता बसतं."

"विचारा."

त्यानं बशी खाली ठेवली. बघायला आलेल्या मुलासारखा ताठ बसला. "आवडतं पुस्तक?"

तिच्या जिभेवर एका जाडजूड कादंबरीचं नाव आलं होतं. चारचौघांत ती तेच सांगायची, आणि ती कादंबरी तिला साठाव्या पानापुढं कधी गेली नव्हती. तिनं ते गिळलं. "मनकाट्याची पुस्तिका," ती म्हणाली. "हसू नका. चारशे पानं आहेत. प्रत्येक पानावर मी पेन्सिलीनं भांडलेय. कुणी मला शिकवलेलं नाही ते, मी एकटीनं शिकलेय. तुमचं?"

"शाळेतला नकाशासंग्रह. सहावीतला. त्यात जतला एक ठिपका होता. मी तो बोटानं झाकून बघायचो, मग जगात काय फरक पडतो ते." तो थोडा घुटमळला. "काही पडायचा नाही. पण बोट काढलं की बरं वाटायचं." तिनं त्याच्या त्या बोटाकडं पाहिलं. नखाशी लाखेचा लाल ठिपका होता. "आवडता सुगंध?"

"लाख," हेमांगी म्हणाली.

तो गोंधळला. निरीक्षकच शेवटी. "पण मॅडम, मनकाट्याच्या त्या चौसष्ट कुप्यांत लाख नाही. आणि तुमचं मापन झालं तेव्हा तर मी लाख वितळवलीही नव्हती. पाकिटात लाख निघणं शक्य नाही."

"नाहीच निघणार. पाकिटातलं उत्तर तुम्ही पाकीट बंद करेपर्यंतच खरं होतं."

हे त्याच्यापर्यंत पोचायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून बराच जास्त वेळ लागला. मग तो चढलेला दात दिसला, आणि बराच वेळ दिसत राहिला.

"तिसरा प्रश्न," त्यानं सावरून म्हटलं. "श्रद्धा?"

"तुमची मला माहीत आहे. शून्यावर आलेला काटा. मी पाहिलं त्या दिवशी."

"आई म्हणायची, रिकाम्या पारड्यात कुणाचीच बाजू नसते, तेव्हा देव तिथं बसायला मोकळा असतो. तिचं खरं असो नसो, हात जोडले जातात. आणि तुमची?"

हेमांगीनं विचार केला. सांगण्यासारखं होतं. थोडं गणपतीच्या देवळातलं होतं, थोडं कृष्णेच्या घाटावरचं, थोडं गेलेल्या नवऱ्याच्या फोटोशी सकाळी चालणाऱ्या गप्पांमधलं. ते एका बशीभर पोह्यांत मावणारं नव्हतं. तिनं हात लांबवून डाळिंबाचा एक दाणा तोंडात टाकला.

"त्यासमोर आज लिहा," ती म्हणाली, "उत्तर मिळाले नाही."

"मग पुन्हा विचारावं लागेल."

"लागेलच," हेमांगी म्हणाली, आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.